निनावी ज्ञानाचे उत्तरदायित्व

सर्वांनी मिळून सर्वांसाठी विनामूल्य ज्ञानकोश रचावा, ही कल्पना उदात्त आहे. २००१ साली सुरू झालेल्या विकिपीडियाने ती प्रत्यक्षातही आणली. ‘नेचर’ या नियतकालिकाने २००५ साली विज्ञानविषयक नोंदी तपासल्या, तेव्हा विकिपीडियाच्या नोंदीत सरासरी ४ आणि ‘ब्रिटानिका’च्या नोंदीत ३ चुका आढळल्या. समर्थक हा दाखला नेहमी पुढे करतात. ‘ब्रिटानिका’ने त्या पाहणीलाच आक्षेप घेतला होता, हे मात्र सांगत नाहीत. पण चुकांची संख्या हा दुय्यम प्रश्न आहे. चुकीचे उत्तरदायित्व कोणाचे, हा खरा प्रश्न होय.

२००८ साली एका अमेरिकन विद्यार्थ्याने ‘कोआटी’ या प्राण्याच्या नोंदीत ‘ब्राझिलियन आर्डव्हार्क’ असे एक बनावट नाव गमतीने घुसडले. ते वृत्तपत्रांत शिरले, पुस्तकातही छापले गेले. आणि मग तेच छापील मजकूर त्या नावाचे प्रमाण ठरले. म्हणजे कोशाने आपलीच थाप पुराव्यादाखल परत घेतली. याउलट २०१२ साली फिलिप रॉथ यांनी आपल्या ‘द ह्यूमन स्टेन’ या कादंबरीच्या प्रेरणेविषयीचे चुकीचे विधान बदलू पाहिले, तेव्हा दुय्यम साधनांचा आधार हवा, असे त्यांना कळवण्यात आले. ‘न्यूयॉर्कर’मध्ये त्यांनी अनावृत पत्र लिहिले. लेखकाचा शब्द अखेरचा मानू नये, हे तत्त्व मान्य करता येईल. परंतु खोडसाळाला मोकळे आणि जाणत्याला बंद, अशा दाराला नियम म्हणता येत नाही.

लहान भाषांची कथा अधिक करुण आहे. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियातील हजारो नोंदी ती भाषा न जाणणाऱ्या एका अमेरिकन तरुणाने लिहिल्याचे २०२० साली उघडकीस आले. त्यालाच तेथे प्रचालकपदही लाभले होते. दोष एकट्या त्या तरुणाचा नव्हे. संपादनांची संख्या हीच जेथे विद्वत्तेची कसोटी होते, तेथे असे घडणारच. इंग्रजीसारख्या भाषेला असा आघात सोसतो. मोजक्या वाचकांच्या भाषेचे रूपच त्याने विकृत होते.

मराठीला कोशपरंपरा नवी नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड सिद्ध केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली आकारास आलेल्या ‘मराठी विश्वकोशा’त नोंदीखाली लेखकाचे नाव असते. या कोशांतही चुका आहेत. पण त्यांचा जाब विचारता येईल अशी माणसे त्यांच्यामागे उभी होती. सामुदायिक कोशाने ही परंपरा स्वीकारावी: विषयाच्या जाणकाराने नोंद तपासावी आणि आपले नाव खाली घालावे. आणि मराठीच्या प्राध्यापकांनी या कोशाला काठावरून नावे ठेवणे आता थांबवावे. विद्यार्थी तोच कोश वाचतात. जाणत्यांनी रिकामी ठेवलेली जागा तेथे कोणीही भरून काढतो.