पुडीत काय आहे, ते आधी सांगा

सांधेदुखीवर सुटी विकली जाणारी 'जडीबुटी'ची औषधे जिल्हा प्रशासनाने तपासावीत आणि निकाल नावानिशी जाहीर करावेत, ही जबलपूरकर म्हणून आमची मागणी आहे.

१. वनस्पतींत दम नाही, असे मुळीच नाही. सालईच्या डिंकातील बोस्वेलिक आम्ले शरीरातील दाहाची एक वाट अडवतात. नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात गुडघ्याची झीज झालेल्या ३० रुग्णांवर सालईच्या अर्काची चाचणी झाली, ती २००३ साली छापून आली. अर्क घेणाऱ्यांचे दुखणे कमी झाले, गुडघा जास्त वाकू लागला, चालणेही वाढले. एक्स-रे मात्र होता तसाच राहिला. म्हणजे आराम पडतो, झीज भरून येत नाही. रुग्ण थोडे होते, हेही खरेच.

२. ताणाचेही तसेच. काळजीने झोप उडाली की दुखणे अधिक जाणवते. आमवातात तर ताणाने सांधे उसळतात. अश्वगंधेने ताण उतरतो, असे काही छोट्या चाचण्यांत दिसले. सांध्यांबाबत पुरावा त्याहून तोकडा आहे. थायरॉईडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, यकृताचा त्रास असेल, तर ती मनाने घेऊ नये.

३. खरी भीती पुडीची आहे. प्लास्टिकची छोटी पिशवी, आत तपकिरी चूर्ण. परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, घटकांची यादी नाही. कायद्याने हे सारे छापणे बंधनकारक आहे. दोन दिवसांत गुडघे मोकळे झाले की गिऱ्हाईक खूश! पण अशा चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले देशात वारंवार सापडले आहे. मग चेहरा सुजतो, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात, आणि बदनाम होते बिचारी सालई.

४. संधिवात बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. अंमलबजावणी कुठे आहे?

५. माहितगार माणसे शोधायला भोपाळ-दिल्लीला जायला नको. राज्य वन संशोधन संस्था, उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था, जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ, शासकीय आयुर्वेद महाविद्यालय, मेडिकल कॉलेज, सगळे याच शहरात. वनस्पती ओळखणारे एकीकडे, रुग्ण तपासणारे दुसरीकडे. महिन्यातून एक दिवस त्यांनी एकत्र बसून लोकांनी आणलेल्या पुड्या पाहाव्यात आणि संशयित नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत. यासाठी नवी इमारत लागत नाही.

६. सालईची साल ओरबाडून डिंक काढला तर झाड मरते. मागणी वाढवायची तर डिंक गोळा करणाऱ्यांना नीट चीर देण्याचे शिक्षण आणि योग्य भाव, दोन्ही हवेत.

घरात अशी निनावी पुडी असेल, तर ती फेकू नका. बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका. स्टेरॉइड अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि तक्रार लेखी द्या.