चार टायर, चार गोत्रं

सेकंड हॅन्ड गाडी घेताना आपण काय काय बघतो? किलोमीटर किती झालेत, इन्शुरन्स कधी संपतोय, पहिला मालक की दुसरा, रंग कुठे मारलाय का, एसी गार करतो का. बॉनेट उघडून इंजिनाकडे गंभीर चेहऱ्याने पाहतो (त्यातलं काही कळत नसलं तरी). पण खाली बसून चारही टायर वाचणारा माणूस क्वचितच दिसतो. वाचणारा म्हणतोय मी, बघणारा नाही. टायरला लाथ मारून "हवा बरोबर आहे" म्हणणारे पुष्कळ भेटतात.

तर मंडळी, आजचा मुद्दा सरळ आहे. नव्याने घेतलेल्या जुन्या गाडीला चार गोत्रांचे चार टायर असतील, तर "अजून नक्षी आहे, वर्षभर चालवा" हा सल्ला चूक आहे. तो कितीही अनुभवी माणसाने दिलेला असो. टायर ही एकेकटी तपासायची वस्तूच नाही.

दोन महिन्यांपूर्वी मी २०१८ची एक स्विफ्ट घेतली. विक्रेत्याने दिलेल्या चकचकीत तपासणी अहवालात टायरच्या रकान्यात चार हिरव्या टिका होत्या. प्रत्यक्षात काय? पुढचा डावा एका कंपनीचा, २०२१चा. पुढचा उजवा दुसऱ्याच कंपनीचा, २०१८चा, म्हणजे बहुतेक गाडीबरोबरच आलेला. मागचे दोन एकाच कंपनीचे, पण नक्षी वेगळी आणि वयात तीन वर्षांचं अंतर. वर काळं पॉलिश मारून चौघांना सख्खे भाऊ बनवलेलं. विक्रेत्याचं म्हणणं, "सर, पन्नास टक्के नक्षी आहे, वीस हजार किलोमीटर आरामात जातील."

टायरचं वय कसं कळतं? त्याच्या कडेवर डीओटी अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघायचे. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. बऱ्याचदा हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, त्यामुळे वाकून आतून बघावं लागतं. कपडे मळतात. मळू देत.

आता तो अहवाल खोटा होता का? नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९४वा नियम कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी म्हणतो. चारही टायर त्यात बसत होते. आमच्या धंद्यात सांगायचं तर प्रत्येक मॉड्यूलची युनिट टेस्ट पास, सगळं हिरवंगार, आणि चारही एकत्र जोडून चालवून कोणी पाहिलेलंच नाही. असं रिलीज मी ऑफिसात पुढे जाऊ देणार नाही. मग ज्यात आई-बाबा आणि मुलगी बसणार आहेत, त्या गाडीत का चालवून घेऊ?

एका टायरचा रस्त्याला टेकणारा भाग साधारण तळहाताएवढा. म्हणजे माणसं-सामान धरून बाराशे किलोच्या आसपासचा ऐवज चार तळहातांवर चाललेला असतो. जुलैत ताम्हिणी उतरताना तुम्ही करकचून ब्रेक मारलात, तर डावीकडचा ताजा टायर रस्ता धरणार आणि उजवीकडचा सात-आठ वर्षं उन्हात कडक झालेला टायर घसरू लागणार. गाडी चांगल्या टायरच्या बाजूला ओढ खाणार. "पण एबीएस आहे ना!" असं आमचा एक मित्र म्हणाला. अरे बाबा, एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण रबरात नसलेली पकड ते कुठून आणणार?

थोडं गणितही करू. माझ्या गाडीच्या १८५/६५ आर१५ मापाच्या नव्या टायरचा व्यास साधारण ६२१ मिलिमीटर. नव्याची नक्षी आठ मिलिमीटर आणि झिजलेल्याची तीन धरली, तर व्यासात दहा मिलिमीटरचा फरक. म्हणजे किलोमीटरमागे झिजलेलं चाक आठएक फेरे जास्त फिरतं. पुणे-मुंबई दीडशे किलोमीटर धरलं तर बाराशे फेरे! हा फरक डिफरन्शिअल निस्तरत असतं. ते वळणासाठी असतं, पण इथे सरळ रस्त्यावरही त्याला उसंत नाही. उद्या लगेच मोडेल असं मी म्हणत नाही. पण गाडी एका बाजूला ओढते म्हणून लोक दर महिन्याला अलाइनमेंट करत बसतात आणि दोष मात्र टायरच्या जोडीत असतो, हे खरं.

आता दुसरा सार्वत्रिक सल्ला. टायरच्या दुकानात हमखास ऐकू येतो: "सर, दोनच टाका, नवे पुढे लावू. फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, पुढचे लवकर झिजतात." ऐकायला तर्कशुद्ध, आणि उलटा. दोनच नवे घेणार असाल तर ते मागे लावा. मोठ्या टायर कंपन्याही हेच सांगतात. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी वळायचं सोडून सरळ जाते, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की बहुतेकदा सावरते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि तेव्हा तिला सावरणं तुमच्या-माझ्यासारख्या शनिवार-रविवार ड्रायव्हरचं काम नाही.

आणि एवढं करून टायर फुटला की आपण म्हणतो, नशीब! २०१० साली पुण्याहून मुंबईला निघालेल्या एका गाडीचा टायर फुटून जीवघेणा अपघात झाला. विमा कंपनीने टायर फुटणं ही दैवी आपत्ती असल्याचा पवित्रा घेतला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो फेटाळला. टायर फुटण्यामागे वेग, कमी-जास्त हवा, जुने वापरलेले टायर, तापमान अशी कारणं असतात आणि प्रवासाआधी टायर तपासणं हे चालकाचं आणि मालकाचं काम आहे, असं न्यायालयाने बजावलं. देवाच्या माथी मारायची सोय संपली.

आता तुम्ही म्हणाल, गाडीसाठीच कर्ज काढलंय, वर टायरना वीस हजार कुठून आणू? प्रश्न रास्त आहे. पण त्याच गाडीला आपण पहिल्या महिन्यात सीट कव्हर, मोठी स्क्रीन, सिरॅमिक कोटिंग करतो की नाही? तेव्हा बजेट कुठून येतं? माझं चार टायर, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटचं बिल बावीस हजार झालं. त्यातले पंधरा मी टोकन द्यायच्या आधीच, चारही तारखा वाचून दाखवून, किमतीतून कमी करून घेतले होते. टोकन दिल्यावर हे कोणी ऐकत नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तेवढाच हातभार.

"चांगले टायर फेकून देणं उधळपट्टी आहे" हा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. काटकसर ही आपल्या घरांची खरी शिकवण आहे आणि मला तिचा आदर आहे. म्हणून चारही बदलाच असा माझा हट्ट नाही. हट्ट एवढाच की एका अ‍ॅक्सलवरचे दोन्ही टायर एकाच मापाचे, कंपनीचे, नक्षीचे आणि साधारण एकाच वयाचे हवेत. पुढची जोडी एका कंपनीची, मागची दुसरीची, हे एक वेळ चालेल. चांगली जोडी मागे. माझ्या गाडीत एकही जोडी जुळत नव्हती, म्हणून चारही गेले.

विक्रेत्यांनी अहवालात टिका मारण्याऐवजी प्रत्येक टायरची कंपनी, माप, तारीख आणि नक्षीची खोली लिहावी. चार ओळींचं काम आहे. ते आपणहून लिहिणार नाहीत, आपण मागितलं तर लिहावं लागेल.

असो. आज रविवार आहे, पार्किंगमध्ये जा आणि आपल्या गाडीचे पाचही टायर वाचून या. हो, पाच. स्टेपनीकडे तर गाडी घेतल्यापासून कोणी बघितलेलंच नसतं.