मोटारीची मागील बैठक काढण्यापूर्वी

टोमॅटोचा हंगाम भरात आला म्हणजे नारायणगावच्या बाजारात जी वाहने लागतात, त्यांत टेम्पो आणि पिकअप ह्यांच्या जोडीस एक तिसरीच जात दृष्टीस पडते. बाहेरून पाहावे तर ती कुटुंबाची मोटार. काचांस पडदे, पुढे देवाची लहानशी तसबीर, सर्व काही यथास्थित. मागचे दार उघडले की आत बैठक नाही. तिच्या जागी छतापर्यंत कॅरेटांची थप्पी. ओम्नी गाडीची निपज २०१९ साली बंद झाली. परंतु १९८४ पासून पस्तीस वर्षे ती निघत होती, त्यामुळे जुन्या गाड्या खेड्यापाड्यांतून अजून पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बऱ्याच ह्याच कामी लागलेल्या आहेत. ईको, बोलेरो, इतकेच काय, एखादी लहान चारदारी मोटारही ह्या रांगेत दिसते.

ही चाल मुळातच त्याज्य आहे असे आमचे मत नाही. ज्याच्या घरी दीड-दोन एकर बागायत आहे, त्यास आठवड्यातून तीन दिवस दहा कॅरेट माल बाजारात न्यावयाचा असतो. तेवढ्यासाठी पिकअप घेऊन तिचे हप्ते फेडणे त्यास झेपत नाही, आणि भाड्याचा टेम्पो करावा तर मालाच्या पट्टीतून भाडे वजा जाता हाती काय उरते, हे वाचकांस आम्ही सांगावयास नको. दारात उभी असलेली मोटार कामास लावावी, हा विचार शहाणपणाचाच आहे. आमची तक्रार आहे ती ज्या रीतीने हे काम केले जाते तिच्याविषयी. तीस मिनिटांत पाना फिरवून बैठक खाली उतरवावयाची, उघड्या पत्र्यावर एक गोणपाट अंथरावयाचे आणि गाडी हमरस्त्यास लावावयाची, एवढ्यावरच बहुतेकांचे काम संपते. आणि परतीच्या वाटेवर त्याच गोणपाटावर घरची मुले किंवा मजुरीच्या बाया बसलेल्या असतात. आमचा मुख्य आक्षेप ह्या शेवटल्या गोष्टीस आहे.

इतर देशांतील शेतकऱ्यांसही एकाच वाहनाकडून दोन कामे घेण्याची गरज पूर्वीच भासली होती. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया प्रांतातील एका शेतकऱ्याच्या पत्नीने १९३२ साली फोर्ड कंपनीस पत्र लिहिले, की आम्हांस रविवारी चर्चला जाण्यास आणि सोमवारी डुकरे बाजारात नेण्यास एकच गाडी पाहिजे, असे सांगतात. त्या मागणीवरून लुई बँट ह्या तरुण आरेखकाने पुढे मोटारीचा आराम व मागे मालाचा हौदा अशी गाडी आखली आणि ती १९३४ साली बाहेर पडली. फ्रान्समध्ये १९४८ साली सित्रोएन कंपनीने शेतकऱ्यांसाठी म्हणूनच जी दोन अश्वशक्तीच्या नावाची लहान मोटार पुढे आणली, तिच्या बैठका हातांनी उचलून बाहेर ठेवता येत. ह्या दोन्ही उदाहरणांत सोय कारखान्याने केली, आणि ती करताना माणूस कोठे बसणार व माल कोठे राहणार ह्याचा विचार आधी झाला. आपल्याकडे तो विचार गॅरेजातील मिस्त्रीवर सोपविलेला असतो, आणि त्यास घाई असते.

ह्या विषयावर लिहिण्याचा अधिकार आम्हांस कशाने आला, तेही सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या व्हॅनची मागील बैठक आम्हीच काढविली. चौदा कॅरेट भरले. बांधले नाहीत, कारण थप्पी घट्ट बसली होती असे आमच्या डोळ्यांस दिसत होते. दहा वर्षांचा पुतण्या हट्टाने मागे चढला आणि एका पालथ्या कॅरेटवर बसला. गावाबाहेरच्या वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला, ब्रेक जोराने दाबावा लागला. टक्कर कोणाशीही झाली नाही. एका शेळीसही धक्का लागला नाही. परंतु थप्पीचा वरचा थर पुढे आला, आणि त्याच्या व आमच्या बैठकीच्या पाठीमध्ये मुलाचा हात सापडला. दोन बोटे मोडली. त्यांतले एक आजही पुरते वाकत नाही. वहिनींनी आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही, त्यामुळे अधिकच लाज वाटली.

तेव्हा आम्ही ह्या गोष्टीचा हिशेब मांडून पाहिला. मागील बैठक ही केवळ बसण्याची सोय नसून ती मालाची डिकी आणि माणसे ह्यांमधील भिंत आहे. ती काढली की भिंत गेली. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी झाडावर आदळून अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर आतली वस्तू जागच्या जागी धरून ठेवण्यास तिच्या वजनाच्या सुमारे दहापट जोर लागतो. म्हणजे वीस किलोच्या एका कॅरेटास दोनशे किलोंचा. असे दहा कॅरेट चालकाच्या पाठीशी मोकळे ठेवून आपण रोज प्रवास करतो. वजनाची गोष्टही अशीच. पाच माणसांच्या गाडीत मागे तीन माणसे बसावयाची, त्यांचे वजन सरासरीने दोनशे किलो. बैठकीचे स्वतःचे वीस-पंचवीस किलो धरले तरी मागे सव्वादोनशे किलोंहून अधिक माल घालण्यास आधार नाही. टोमॅटोचे भरलेले कॅरेट बावीस किलोंचे धरले तर दहा कॅरेट झाले. जागा मात्र पंधरा-सोळांची दिसते, आणि जागा दिसली की ती भरावयाची, हा आपला स्वभाव. मग मागच्या स्प्रिंगा बसतात, पुढचे दिवे आभाळाकडे पाहू लागतात, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत जातो आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबावयास अधिक अंतर घेते.

आता कायद्याविषयी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे आहे, की नोंदणीपुस्तकातील तपशील कारखान्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाहून निराळा होईल असा फेरफार मालकाने करू नये. बैठकांची संख्या ही त्या पुस्तकात लिहिलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ह्या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. शिवाय जी गाडी मालासाठी बांधलेली नाही, ती मालाच्या वाहतुकीस वापरली असता तेवढ्यापुरती मालगाडीच समजावी, अशी ह्याच कायद्याची व्याख्या आहे. फेरफार म्हणजे वाहनाचे मूळ स्वरूप पालटणारा रचनेतील बदल, असे कलमाचेच स्पष्टीकरण असल्यामुळे, सकाळी बोल्ट सोडून काढलेली व सायंकाळी परत बसविलेली बैठक आणि कापून, जोडकाम करून कायमचा केलेला हौदा ह्यांत आम्हांस तरी फरक दिसतो. परंतु रस्त्यावरील अंमलदारास तो दिसेलच असे नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनीस तर तो न दिसण्यातच सोय आहे. म्हणून आपापल्या परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करून, लेखी उत्तर हाती आल्यावाचून पान्यास हात लावू नये. ज्यास गाडी केवळ मालासाठीच पाहिजे, त्याने कारखान्यातूनच मागे बैठक नसलेली, मालवाहू म्हणून नोंदलेली गाडी घ्यावी. ईकोमध्ये तसा प्रकार मिळतो, आणि जुन्या बाजारात ओम्नीचाही सापडतो.

मात्र येथे सरकारासही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. नांगरणीच्या ट्रॅक्टरास ट्रॉली जोडण्याची सोय कायद्याने पाहिली. परंतु लहान शेतकऱ्याच्या मोटारीस, बैठक काढून स्वतःच्या शेताचा ठरावीक वजनापर्यंतचा माल नेण्याची नोंद पुस्तकात सहज करून घेता येईल, अशी सोपी वाट कोणी आखून दिलेली नाही. मध्ये जाळी, तळास कड्या, आणि मागे माणूस बसविण्यास सक्त मनाई, एवढ्या अटी घालून अशी नोंद देण्यास काय हरकत असावी? आज जो तो चोरून हे काम करतो, आणि चोरून केलेले काम नेहमी कच्चे होते.

परवानगी मिळाली असे धरून, ती मोकळी जागा कशी सजवावी ह्याविषयी आमचा अनुभव देतो. नव्या मोटारींत बैठकीखाली पट्ट्याच्या इशाऱ्याची, आणि कित्येकांत हवेच्या पिशवीची तार असते. पिवळ्या वेष्टनाची तार दिसली तर तिला हात न लावता जाणत्या मिस्त्रीस बोलवावे, आणि काही झाले तरी बॅटरीची जोडणी आधी सोडावी. बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवावे. हातोडीने ठोकू नये, आटे बिघडले की बैठक परत कधीच नीट बसत नाही. बैठक उतरल्यावर जी भोके उघडी पडतात ती रबरी बुचांनी बंद करावीच. त्यांतून पावसात चिखल येतो तो डोळ्यांस दिसतो. धुराड्याचा वायू येतो तो दिसत नाही. लांब पाइप बाहेर काढण्यासाठी मागचे दार अर्धवट बांधून गाडी हाकण्याची जी सवय आहे, तीही ह्याच कारणाने घातक होय. चालत्या गाडीच्या मागे जी पोकळी होते, ती धूर आत ओढते.

तळाचा पत्रा सपाट नसतो. गंज खरवडून त्यावर रेड ऑक्साईडचा हात द्यावा, मग लाकडी पट्ट्यांनी खोलगट भाग भरून काढून वर पाण्यास टिकणारे बारा मिलिमीटरचे प्लायवुड, मधोमध दुभागून, बसवावे. एकसंध फळी आत जात नाही, आणि गेली तर धुण्यासाठी निघत नाही. फळी पक्की करण्यास तळात नवे भोक पाडण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण त्याच पत्र्याखालून इंधनाची टाकी व नळी आणि ब्रेकची नळी जाते. बैठकीचे जुने बोल्ट जेथे बसत तेथेच फळी आवळावी. पट्ट्यांचे बोल्ट कारखान्याने सर्वांत मजबूत जागी बसविलेले असतात. त्या जागी त्याच आट्याच्या कड्या बसवून कॅरेट पट्ट्याने आवळले, तर थप्पी हलत नाही. चालकाच्या बैठकीमागे खालपासून छतापर्यंत लोखंडी जाळी असावी. वरून रबरी चटई पुरे. जाड गालिचा घातला तर टोमॅटोचा रस मुरून आठ दिवसांत गाडीत उभे राहवत नाही.

आणखी एक गोष्ट राहते, आणि ती आमच्या मते सर्वांत गंभीर आहे. बाजारातून परतताना ह्याच मोकळ्या जागेत फवारणीचे औषध, पंपासाठी पेट्रोलचे कॅन, किराणा आणि दळण एकत्र येते. १९५८ साली केरळात गव्हाच्या पिठात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळून शंभराहून अधिक माणसे मेली. पीठ आणि विष एकाच जहाजातून आले होते. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत खाद्यवस्तू व चारा ह्यांच्याशी संबंध येईल अशा रीतीने औषध नेऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे, ते असल्याच अनुभवांतून. सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरे उघडी पडली, हे विदर्भातील वाचक विसरलेले नाहीत. टेम्पोचा हौदा उघडा असतो, वारा लागतो. मोटार बंद असते, आणि बाटलीचे झाकण पाझरले तर तिची वाफ आतल्या माणसांसच घ्यावी लागते. औषध झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत, पेटी कडीस बांधून, आणि त्या फेरीस दळण व मुले दोन्ही घरी, असा नियम आम्ही आमच्या घरी केला आहे. लाकडी फळीवर औषध सांडले तर ती धुऊन स्वच्छ होत नाही. फळीचा तो अर्धा भाग टाकून नवा घालावा, ह्यासाठीही ती दुभागलेली बरी. पेट्रोल तर बंद मोटारीत कॅनमधून आणूच नये.

काढलेली बैठक बहुधा गोठ्यात किंवा पडवीत उभी करून ठेवतात, आणि हंगाम सरेपर्यंत तिच्या फोममध्ये उंदरांचे घर होते; मग परत बसविण्याची वेळ येते तेव्हा ती बसविण्याच्या लायकीची नसते, आणि मुले पुन्हा फळीवरच बसतात. आम्ही ती जाड कापडात गुंडाळून माळ्याच्या तुळईस दोराने टांगतो. बोल्ट, वायसर आणि पट्ट्यांच्या कळा एका पिशवीत घालून ती पिशवी बैठकीच्याच चौकटीस बांधलेली असते. हंगाम संपला की फळी काढून बैठक बसवावी, पट्टे लावून ओढून पाहावेत, आणि चार-आठ दिवस गाडी चालल्यावर बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत. पहिल्या आवळण्यात रंगाचा थर दबतो आणि ते थोडे सैल होतात.