शर्यत त्यांची, रस्ता सर्वांचा

थंडीचा कडाका वाढला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील पाऱ्याकडे साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष लागते. हौशी सायकलपटूंच्या शर्यतींना हे दिवस मोठे सोयीचे. निफाड तालुक्यात मात्र याच दिवसांत द्राक्षांची तोडणी चालते, उसाच्या गाड्या धावतात आणि लासलगाव-पिंपळगावच्या बाजाराकडे कांदा निघालेला असतो. पहाटेच्या धुक्यात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे लाल दिवा असेलच, अशी खात्री कोणी द्यावी? अशा वाहत्या रस्त्यावर शर्यती होऊच नयेत, असे आम्ही म्हणत नाही. परंतु हा बंदिस्त मैदानावरचा खेळ नव्हे, याचे भान आयोजकांस व स्पर्धकांस आहे काय, हा आमचा प्रश्न आहे. ट्रॅक्टर हाकणाऱ्याने शर्यतीत नाव नोंदविलेले नसते!

या शर्यतीतील धोका नेमका कोठे असतो, हे इतरांस सहसा ठाऊक नसते. पुढच्याच्या आडोशाने सायकल चालविली की वाऱ्याचा विरोध पुष्कळ कमी होतो. म्हणून स्पर्धक घोळक्याने, चाकामागे चाक ठेवून धावतात. मागच्यास रस्ता दिसत नाही, पुढच्याची पाठ दिसते. घोळक्यातून पुढे निसटावयाचे तर मोकळी जागा उरते ती रस्त्याच्या उजव्या अंगास, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या हक्काच्या बाजूस. नियम मोडतो तो या क्षणी. आणि दुर्दैव असे की, मोडणाराच पुढे जातो. करंडक देणारे पाहुणे, हा गडी कोणत्या बाजूने पुढे आला, हे विचारीत नाहीत.

कायद्याचीही येथे फारशी मदत होत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १८९ शासनाच्या लेखी संमतीवाचून शर्यत लावणाऱ्यास व तीत भाग घेणाऱ्यास शिक्षा सांगते. परंतु ती मोटार वाहनांच्या शर्यतीबद्दल. सायकल त्या व्याख्येत बसत नाही. ब्रिटनने १९६० सालीच सायकल-शर्यतींसाठी स्वतंत्र नियमावली करून पोलिसांस आगाऊ लेखी सूचना देणे बंधनकारक केले.

अनुकरण करावयाचे तर उदाहरण नाशिकचेच आहे, घडले मात्र अमेरिकेत. डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. त्यांच्या दमाचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण ती शर्यत चालते कशी, हेही पाहावयास हवे. तिच्यासाठी रहदारी थांबविली जात नाही. घड्याळ चालू असते आणि तरीही लाल दिव्यापाशी पाय टेकावाच लागतो. रात्री पाठीशी मोटार असल्यावाचून सायकल हाकता येत नाही. नियम मोडणाऱ्याच्या खात्यावर वेळेचा दंड चढतो. ज्या मिनिटांसाठी मनुष्य नियम मोडतो, तीच मिनिटे त्याच्याकडून वसूल करणारा हा दंड आहे. आमच्याकडे मात्र सुरुवातीस ध्वनिक्षेपकावरून ‘नियम पाळा’ असे सांगितले की आयोजकांचे कर्तव्य संपले! (ज्यांस नंबराची हाव नाही, त्यांच्यासाठी ‘ब्रेव्हे’ आहेतच. तेथे दोनशे किलोमीटरांस साडेतेरा तास मिळतात आणि पहिला-दुसरा कोणी काढीत नाही.)

तेव्हा आमची सूचना साधी आहे. घोळक्याबरोबर मोटारसायकलवर निरीक्षक ठेवावेत. मधली रेषा ओलांडणाऱ्याच्या वेळेत मिनिटे चढवावीत. पुन्हा ओलांडल्यास तो कितीही पुढे असो, त्यास शर्यतीबाहेर काढावे आणि निकालपत्रकात तसे छापावे. साखर कारखान्यांनीही प्रत्येक ट्रॉलीच्या मागे परावर्तक लागल्याखेरीज ती काट्यावर घेऊ नये. आणि पोलिसांकडे अर्ज घेऊन जाण्यापूर्वी आयोजकांनी बाजार समितीच्या कचेरीत एक फेरी मारावी व लिलावाची सुटी कोणत्या दिवशी आहे, ते विचारून मगच तारीख ठरवावी.