खनिजशास्त्र हातांनी शिकवा : भूविज्ञान अभ्यास मंडळांना खुले पत्र

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या भूविज्ञान अभ्यास मंडळांचे माननीय अध्यक्ष व सदस्य यांस,



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीचे अभ्यासक्रम नव्याने आखले जात आहेत. या निमित्ताने एक विनंती करायची आहे. खनिजशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत प्रत्येक विद्यार्थ्याने स्फटिकांच्या आणि अणुरचनांच्या प्रतिकृती स्वतः बांधणे अनिवार्य करावे, आणि त्याला परीक्षेत गुण ठेवावेत. कपाटातली लाकडी मॉडेल्स टेबलावर मांडायची आणि जर्नलमध्ये त्यांच्या आकृत्या उतरवून घ्यायच्या, एवढ्याने हे साधणार नाही. मॉडेल पाहणारा विद्यार्थी नाव पाठ करतो. बांधणाऱ्याला त्यामागचे कारण शोधावेच लागते.

या शास्त्राचा पायाच प्रतिकृतींनी घातला आहे. एकाच खनिजाच्या स्फटिकांचे आकार कितीही वेगळे दिसले, तरी त्यांच्या समान पृष्ठांमधील कोन सारखेच असतात, असे निरीक्षण स्टेनोने १६६९ मध्ये क्वार्ट्झवर केले होते. ते सर्व खनिजांना लागू करण्याचे काम फ्रान्समधल्या रोमे द लीलच्या १७८३ च्या ग्रंथाने केले. त्याच्यासाठी भाजक्या मातीच्या स्फटिक-प्रतिकृती घडवणाऱ्या कारांजोला कोन अचूक साधायचे होते, म्हणून त्याने स्पर्श-कोनमापक तयार केला. प्रतिकृती नीट घडवायची होती म्हणून मापन आले आणि मापनातून नियम पक्का झाला. पुढे आऊईने बारीक, एकसारखे ठोकळे रचत गेले की स्फटिकाची तिरपी पृष्ठे कशी तयार होतात हे लाकडी प्रतिकृतींनी दाखवले.

आजच्या वर्गात याचा उपयोग काय, हे सिलिकेट खनिजांवरून स्पष्ट होते. शाडूच्या गोळ्या आणि टूथपिक घेऊन सिलिकाचा चतुष्फलक करा : मध्ये एक सिलिकॉन, चार कोपऱ्यांवर चार ऑक्सिजन. कोणताच कोपरा वाटून न घेता चतुष्फलक सुटे राहिले तर प्रमाण १:४ येते, हे ऑलिविन. प्रत्येकाने दोन कोपरे शेजाऱ्यांशी वाटून घेतले, तर दोन पूर्ण आणि दोन अर्धे मिळून तीन ऑक्सिजन वाट्याला येतात : १:३, म्हणजे पायरॉक्सीनची एकेरी साखळी. अशा दोन साखळ्या जोडल्या की ४:११ हे अँफिबोलचे प्रमाण मिळते. तीन कोपरे वाटले तर २:५, म्हणजे अभ्रकाचा थर. चारही वाटले तर १:२, म्हणजे क्वार्ट्झ. फळ्यावर पाठ करावी लागणारी ही सूत्रे बोटांवर मोजून निघतात. पायरॉक्सीनची पाटनप्रतले जवळजवळ काटकोनात, सुमारे ८७ अंशांवर का छेदतात आणि अँफिबोलची सुमारे ५६ अंशांवर का, हेही उलगडते. भेग साखळ्यांना वळसा घालून जाते आणि दुहेरी साखळी एकेरीपेक्षा रुंद असते. अभ्रकाचे पापुद्रे का निघतात, हे तर थर हाताने सोलताना सांगावेच लागत नाही.

महाराष्ट्राला याची विशेष गरज आहे. दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांतली खनिजे जगभरच्या संग्रहालयांत आहेत. त्यांतले ॲपोफिलाइट अनेकदा घनासारखे दिसते, पण ते चतुष्कोणीय प्रणालीतले. खऱ्या घनाला चौपट सममितीचे तीन अक्ष असतात, ॲपोफिलाइटला एकच. पुठ्ठ्याचा घन आणि चौरस प्रचिन चिमटीत धरून शेजारी-शेजारी फिरवले की हा फरक कळतो. मग एकाच दिशेचे पाटन आणि तळावरची मोत्यासारखी चमक विद्यार्थी स्वतःहून तपासतो.

पहिला आक्षेप असा येईल, की व्हेस्टासारखी मोफत सॉफ्टवेअर्स रचना पडद्यावर फिरवून दाखवतात. ती जरूर वापरावीत. हजारो अणूंच्या रचनेला दुसरा इलाज नाही. पण पडद्यावर रचना आयती येते. कोणता ऑक्सिजन कोणाशी वाटायचा हा निर्णय विद्यार्थ्याला घ्यावा लागत नाही, आणि चूक झाली तर साखळी जुळत नाही, हा अनुभवही मिळत नाही. त्रिमितीय विचार ही जन्मजात देणगी असल्याचे मानून काहींना सोडून देणेही योग्य नाही. २०१३ मध्ये २१७ संशोधनांच्या एकत्रित आढाव्यातून ही क्षमता सरावाने वाढते, असे दिसून आले. शिवाय ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसते, त्यांना पडदा निरुपयोगी आहे, प्रतिकृती नाही.

दुसरा आक्षेप : आता क्ष-किरण विवर्तनाने खनिज ओळखले जाते, मग हे जुने काम कशाला? यंत्र शिखरांच्या जागा देते. त्या जागांना अर्थ येतो तो अणूंच्या थरांमधील अंतरांमुळे, आणि ते थर डोळ्यांपुढे नसतील तर आलेख म्हणजे नुसत्या रेघा. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रतिकृती फसवतात : अणू म्हणजे टणक गोळी नव्हे, बंध म्हणजे काडी नव्हे, आणि निसर्गातला स्फटिक क्वचितच इतका सुबक असतो. म्हणूनच प्रत्येक प्रतिकृतीबरोबर खरा नमुना हातात द्यावा आणि ‘ही प्रतिकृती कुठे खोटी आहे?’ हा प्रश्न तोंडी परीक्षेत विचारावा. मर्यादा सांगता येणे हेही आकलनच आहे.

खर्चाची अडचण खरी नाही. पुठ्ठा, शाडू, काड्या आणि कंपासपेटीतला कोनमापक कोणत्याही तालुक्याच्या महाविद्यालयाला परवडतो. अडचण वेळेची आणि गुणांची आहे, आणि ते दोन्ही आपल्या हातात आहे. सात स्फटिक प्रणाली आणि पाच सिलिकेट रचना यांची बांधणी प्रात्यक्षिकांच्या यादीत घाला. परीक्षेत चिठ्ठीने आलेली एक रचना बांधायला लावा, तिचे प्रमाण मोजायला आणि त्यावरून पाटन सांगायला सांगा. ज्याला गुण नाहीत ते शिकवले जात नाही, हे आपण जाणता. म्हणून हा बदल शिफारशीत न ठेवता अभ्यासक्रमात लिहावा, ही आग्रहाची विनंती.

आपला,
भूविज्ञानाचा एक अभ्यासक