विश्लेषण : श्वासनलिकेजवळ हवेची ‘गाठ’... घाबरायचे का?

लांबलेला खोकला घेऊन माझगावकर शेजारच्या भायखळ्यात ‘जेजे’ गाठतो. सीटी स्कॅनच्या अहवालात ‘पॅराट्रॅकियल एअर सिस्ट’ असे शब्द येतात. कुणीतरी त्याची ‘गाठ’ करतो आणि घरात कर्करोगाची कुजबुज सुरू होते. प्रत्यक्षात ही हवेने भरलेली छोटी पिशवी. छातीच्या शंभर सीटींमागे साधारण तीन-चारांत ती आढळते, बहुतेकदा श्वासनलिकेच्या उजव्या अंगाला, मागे. डावीकडे अन्ननलिका आणि महाधमनीचा आधार असतो. त्रास नसेल तर उपचारही नाहीत. वारंवार संसर्ग झाला, आवाज बसू लागला तर प्रतिजैविके, क्वचित शस्त्रक्रिया.

गफलत होते ती वेगळीच. अपघातानंतरच्या सीटीत हीच हवा फाटलेल्या श्वासनलिकेतून गळलेली वाटू शकते. पातळ छेदांच्या प्रतिमा पाहिल्या की बहुधा उलगडा होतो. दुसरी गफलत उलटी : पिशवी सापडली म्हणून खोकल्याचे खापर तिच्यावरच फोडणे. थुंकीची क्षयतपासणी झाल्याशिवाय मुंबईत तरी हे परवडणारे नाही. पुढे कधी भूल घ्यायची वेळ आली, तर हा अहवाल भूलतज्ज्ञांना आवर्जून दाखवावा. श्वासाची नळी घालताना तिचे टोक या पिशवीत शिरू शकते.