प्रवास घरापासून मोजा

दुबई किती लांब, असं गिऱ्हाइकानं विचारलं की आपल्या प्रवास कार्यालयांतून ठरलेलं उत्तर मिळतं : सुमारे १,९०० किलोमीटर, सव्वातीन तास. अंधेरीच्या प्रवाशाला एवढं पुरतं. दाभोळच्या प्रवाशाला पुरत नाही.

दाभोळ ते मुंबई विमानतळ हे सरळ रेषेतलं अंतर सुमारे १७० किलोमीटर. जेट विमानाच्या वेगानं बारा मिनिटांचं. रस्त्यानं दापोली गाठून पुढे जायचं तर सहा-सात तास मोडतात. गणपतीच्या दिवसांत किती, हे कोणीच छातीठोकपणे सांगणार नाही. परदेशी उड्डाणासाठी तीन तास आधी पोचायचं. म्हणजे दुबईत उतरेपर्यंत बारा-तेरा तास. त्यातला विमानाचा वाटा जेमतेम चौथा.

तिकिटावरच्या वेळाही नवख्याला चकवतात. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. मुंबईहून सकाळी दहाला सुटून पावणेबाराला उतरणारं विमान सव्वातीन तास उडालेलं असतं. परतीचं दहाला सुटून अडीचला उतरतं, ते मात्र तीनच तास. अंतर तेच, येताना बहुधा वाऱ्याची साथ असते.

दाभोळला हा हिशेब नवा नाही. १४७०च्या दशकात रशियन व्यापारी अफानासी निकितिन याच बंदरातून होर्मुझला निघाला. सरळ अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर, दाभोळहून दुबईएवढंच. महिनाभर समुद्र कापल्यावर त्याला दिसले ते इथिओपियाचे डोंगर. तिथून मस्कतला बारा दिवस, होर्मुझला आणखी नऊ. आजही वाट अडते : एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या उड्डाणांना वळसा पडला. नकाशावरचं अंतर तसूभरही वाढलं नव्हतं.

म्हणून प्रवासपत्रिकेत पहिली ओळ घरून निघण्याच्या वेळेची असावी. प्रवासी खाडीपलीकडचा असेल तर धोपावे-दाभोळ फेरीबोटीची वेळ आधी पाहा. पहिली फेरी सुटण्याआधी निघायचं असेल तर चिपळूणचा रस्ता सुचवा. पोचण्याची वेळ लिहिताना 'स्थानिक' हा शब्द आणि शेजारी उड्डाणाचे तास लिहा. ८ ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. तेव्हा नुसतं 'मुंबई' लिहिणं आता धोक्याचं. जाण्याचं आणि परतीचं विमानतळ, टर्मिनलसह, वेगवेगळं नोंदवा.

आणि भाड्याची तुलनाही घरापासूनच करा. पहाटे चारचं तिकीट स्वस्त दिसतं, पण दाभोळकराला त्यासाठी आदल्या संध्याकाळी सहाला गाडी काढावी लागते आणि पोचवायला आलेल्यांच्या मुक्कामाचा खर्चही अंगावर येतो. दुपारचं तिकीट हजार रुपयांनी महाग असूनही एकूण खर्चात स्वस्त पडू शकतं. ही बेरीज संगणकाच्या पडद्यावर दिसत नाही. ती करून देणं, यासाठीच गिऱ्हाईक अजून आपल्या दारात येतं.